पोलादी जगन्नाथरावांचा बुधवार

त्या वर्षी नवरात्रात अटलांटाजवळच्या अल्फारेटाच्या मराठी घरांमधून एक बातमी फिरत होती, की जगन्नाथराव खासनीसांचं बाहेर काहीतरी आहे. काहीतरी म्हणजे बाई. दर बुधवारी दुपारी ते गाडी काढून शेजारच्या कमिंग गावाला जातात, तिथे लाल टोपीवाली एक उंच अमेरिकन बाई त्यांना भेटते, त्यांचा हात हातात घेते आणि निरोप देताना ‘हनी’ म्हणते. माणूस सत्तरीला टेकलेला, गुडघ्याला पट्टा, कानात यंत्र. तरी बातमीवर कुणी अविश्वास दाखवला नाही. उलट बऱ्याच जणांनी ‘तरीच’ म्हटलं. तरीच काय, ते विचारायचं नसतं. ‘तरीच’ म्हणणाऱ्याला कारण लागत नाही, फक्त ऐकणारा लागतो.

आता हा माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढे जाण्यात मजा नाही.

जगन्नाथराव मूळचे कराडचे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मुलगा पुण्याला जाऊन धातुशास्त्र शिकला आणि भोसरीच्या एका कारखान्यात पोलादाच्या भट्टीवर लागला. तिथे आठ वर्षं काढली. मग कॉम्प्युटरची लाट आली, तीत ते वाहत वाहत अटलांटाला लागले आणि पुढचा सगळा जन्म बँकांसाठी प्रोग्रॅम लिहिण्यात गेला. म्हणजे लोखंडाशी संसार आठ वर्षांचा आणि कीबोर्डशी पाव शतकाहून जास्त. पण कुणी विचारलं, ‘काका, तुम्ही कुठल्या लाइनमध्ये होता?’ की मान ताठ करून उत्तर यायचं, “आम्ही पोलादातले.” बँका बिचाऱ्या तोंडी लावायलाही नसायच्या.

घरातही तोच खाक्या. सुवर्णाकाकूंच्या स्वयंपाकघरात सगळं स्टील. डबे, वाट्या, पेले, साखरेच्या डब्यातला चमचासुद्धा, आणि प्रत्येकावर टोच्याने कोरलेलं ‘सु. ज. खासनीस’. प्लॅस्टिकचा डबा दिसला की जगन्नाथराव तो दोन बोटांनी शेपटीला धरलेल्या उंदरासारखा उचलून कचऱ्यात टाकत. अमेरिकेतल्या मराठी बाईला दह्याचा रिकामा डबा फेकून द्यायला सांगणं म्हणजे काय छळ आहे, हे ज्याला कळतं त्याला कळतं. सुवर्णाकाकूंनी वाद घातला नाही. त्यांनी डबे धुऊन, पुसून, गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे रचायला सुरुवात केली. लागेल तसा एकेक गुपचूप बाहेर यायचा, चटणी घेऊन शेजारी जायचा. शेजारीण तो परत करायची नाही, म्हणजे पुरावाही नष्ट.

जगन्नाथरावांच्या हातात पिस्तूल आलं ते सुशांतमुळे. सुशांत हा मुंबईचा, चाळिशीच्या आतला, एका हॉस्पिटलच्या कंपनीत आयटीवाला. त्याच्याकडे तीन पिस्तुलं, तिन्ही पॉलिमरची. पॉलिमर म्हणजे हातात धरायचा खालचा सांगाडा कडक प्लॅस्टिकचा आणि वरची नळी आणि तिच्यावर मागेपुढे होणारी सरक पोलादाची. एका शनिवारी तो काकांना हौसेने नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला आणि आपलं आवडतं त्यांच्या हातात दिलं.

काकांनी ते वजनाला जोखलं. मग दुकानात पातेलं घेताना मारतात तशी टिचकी मारून कान लावला.

“टप्प वाजलं,” ते म्हणाले.

“काका, पिस्तूल आहे ते. टिचकी कसली मारता?”

“अरे, वस्तू बोलते. हे बोलत नाही. हे डब्याचं झाकण आहे.”

काउंटरवरच्या माणसाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने आतून एक जुन्या घाटाचं, अख्खं पोलादी पिस्तूल काढून पुढे ठेवलं. किलोभर वजन, काळंनिळं पाणी दिलेलं अंग. काकांनी टिचकी मारली. मग डोळे मिटले. भोसरीची भट्टी त्यांना दिसली असावी. त्यांनी ते घेतलं तेव्हा किंमतही विचारली नाही, आणि कराडच्या माणसाने किंमत न विचारणं म्हणजे काय, हे सातारा जिल्ह्यात कुणालाही विचारा.

तेव्हापासून शनिवारची एक बैठकच पडली. सकाळी रेंज, मग एका गुजराती हॉटेलात चहा आणि वाद. सुशांत पॉलिमरच्या बाजूने, काका पोलादाच्या, आणि नागपूरचा संजय ज्याने वडे मागवले त्याच्या.

“हलकं आहे काका. दिवसभर कमरेला लावलं तरी कळत नाही,” सुशांत म्हणायचा.

“कळत नाही तर लावायचं कशाला? आणि हलकं म्हणून तर उसळतं. पोलाद धक्का पोटात घालतं. घरातल्या मोठ्या सुनेसारखं.”

“गंजत नाही.”

“गंजणं हा जिवंतपणा आहे. प्लॅस्टिकला मरण नाही म्हणजे जन्मही नाही.”

“पॉलिमर म्हणा हो.”

“प्लॅस्टिक.”

“अर्ध्या अमेरिकेचे पोलीस तेच वापरतात.”

“अर्धी अमेरिका कागदाच्या ताटलीत जेवते. म्हणून मी जेवू?”

इथे संजय म्हणायचा, “काकांचा पॉइंट आहे यार,” कारण त्या दिवशीचे वडे काकांचे असायचे. हा वाद सगळ्या मराठी मंडळात ठाऊक झाला. काकांना त्यावरून ओळख मिळाली. नवी जोडपी यायची, तेव्हा ओळख करून देताना लोक म्हणायचे, “हे खासनीसकाका, स्टीलवाले.” रिटायर झालेल्या माणसाला असं काहीतरी ‘वाले’ होता आलं की बरं असतं. नाहीतर नुसते ईशानचे बाबा.

मग पिकलबॉल आला, म्हणजे लहान कोर्टावरचं टेनिस. अल्फारेटातल्या रिटायर लोकांना हा खेळ झपाटल्यासारखा लागला आहे. जगन्नाथरावांनीही बॅट घेतली, एक चेंडू मागे सरकत मारायला गेले आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी जाहीर केलं की हाड पूर्वीपेक्षा मजबूत जुळलं आहे. हाडाने मात्र तसं काही जाहीर केलं नव्हतं. शनिवारी पिस्तूल समोर धरलं की दोन गोळ्या ठीक जायच्या, तिसरीला नळीचं टोक नव्या नवरीसारखं खाली बघायला लागायचं. काका चष्म्याला दोष देत. मग गोळ्यांना. मग रेंजवरच्या एसीला. हल्ली ते दोन-तीन गोळ्या झाडून म्हणायचे, “आज एवढं पुरे, चहा घेऊ.” सुशांत आणि संजय वयाचा मान ठेवून मान हलवायचे.

एवढ्यावरही निभावलं असतं, पण मध्ये, बातमीच्या आदल्या वर्षी, खंडेनवमी आली.

कराडच्या दुकानात खंडेनवमीला पाने, पकडी, हातपंप, सगळं पाटावर मांडून पूजा व्हायची. जगन्नाथरावांनी ती रीत अल्फारेटात चालू ठेवली होती. त्या वर्षी पाटावर मध्यभागी पिस्तूल. रिकामं, तपासलेलं, सरक मागे ओढून ठेवलेली. एवढं भान त्यांना होतं. पण भक्तीचं भान सुटलं. त्यांनी पिस्तुलाला पंचामृताचा हात लावला, गंध लावलं, हळदकुंकवाची बोटं ओढली, वर ओले झेंडू ठेवले. आणि नवमीला पूजा झाली की हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा नियम. दही, मध, ओलं कुंकू आणि जॉर्जियाची दमट हवा रात्रभर पोलादावर काम करत राहिली. दसऱ्याला सकाळी झेंडू उचलले तर खाली गंजाचे ठिपके. बोटं जिथे ओढली होती तिथे तांबूस बोटं. नळीवर गंधाच्या आकाराचा गंज.

धातुशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाने हे केलं होतं. सुशांतने हे कळल्यावर येऊन आधी ते ठिपके मोजले. मग म्हणाला, “काका, पुढच्या वर्षी झिपलॉकच्या पिशवीत घालून पूजा करा. पोलादाला वाचवायला शेवटी प्लॅस्टिकच.”

जगन्नाथराव ते पिस्तूल घेऊन कमिंगच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला लहानशी रेंज होती आणि तिथे डेनिस शिकवायची. उंच, पन्नाशीची, लाल टोपी, पूर्वी लष्करात होती, आता नातवंडं सांभाळून उरलेल्या वेळात लोकांना नेम शिकवायची. दुरुस्तीला वेळ लागणार होता. डेनिस म्हणाली, तोपर्यंत हे चालवून बघ, आणि दुकानातलं एक पॉलिमरचं पुढे केलं.

काकांनी आजूबाजूला बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

पहिल्याच फेरीत ते अडकलं. रिकामं काडतूस सरकेत फसून उभं राहिलं. काकांना झालेला आनंद लपवता आला नाही. “प्लॅस्टिक,” ते म्हणाले.

डेनिसने ते सोडवलं, स्वतः झाडून दाखवलं. एकदाही अडकलं नाही. मग ती काकांकडे वळली. “पिस्तूल ठीक आहे, हनी. मनगट ढिलं पडतंय. हलक्या पिस्तुलाला पाठीमागे आधार लागतो, तो मिळाला नाही की सरक पुरती मागे जात नाही. जड पिस्तूल हे चालवून घेतं. पण जड पिस्तूल तुला पेलत नाही, बरोबर?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. पण अनोळखी माणसाला खरं सांगायला फारसं काही लागत नाही. काका म्हणाले, “तिसऱ्या गोळीला हात थरथरतो.”

“मग थरथरत नाही ते घे. आणि पकड मी शिकवते. बुधवारी दुपारी गर्दी नसते.”

झालं. असा तो बुधवार सुरू झाला. दुरुस्त होऊन आलेलं पोलादी पिस्तूल शनिवारसाठी, आणि बुधवारसाठी दुसरं. थोड्या महिन्यांत त्यांनी तसलंच एक विकत घेतलं, कुलपाच्या पेटीत ठेवलं आणि पेटी लपवायला जागा शोधत गॅरेजमध्ये हिंडले. मखराच्या खोक्यामागे हात घातला तर दह्याच्या डब्यांची भिंत लागली. जगन्नाथराव क्षणभर तापले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठल्या तोंडाने तापतोय. त्यांनी पेटी डब्यांच्या मागे सरकवली आणि भिंत पुन्हा होती तशी रचली.

घरी सांगितलं होतं, बुधवारी लायब्ररीत जातो. पण कमिंगच्या दुकानात हाताला लागलेली बंदुकीची दारू धुवायला संत्र्याच्या वासाचा साबण होता. सुवर्णाकाकूंनी एकदा चहाचा कप देताना विचारलं, “लायब्ररीत हल्ली संत्री देतात का?”

“नवीन हँडवॉश ठेवलाय.”

“बरं ठेवलाय,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. लायब्ररीत त्या मंगळवारीच जाऊन आल्या होत्या, आणि तिथला हँडवॉश तोच जुना होता.

बरं, गंमत अशी की हलकं पिस्तूल काकांना साधलं. हात थरथरेना. कागदावर भोकं एकाजवळ एक पडायला लागली. ते कागद घरी आणता येत नव्हते, म्हणून ते डेनिसकडेच भिंतीला लावलेले. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं नेमबाजीचं वर्ष, आणि सांगायला कुणी नाही. शनिवारी हॉटेलात बसून तेच काका म्हणत होते, “प्लॅस्टिकला अंगच नाही रे, नेम धरायचा कशावर?” हे म्हणताना वडा घशात अडकत असेल तर तो त्यांनी चहाबरोबर गिळला.

पुढच्या नवरात्रात संजयची बायको निधी कमिंगला भुवया करायला गेली. तिथून बाहेर पडते तर समोरच्या पार्किंगमध्ये खासनीसकाका. लाल टोपीवाल्या बाईने त्यांचं मनगट दोन्ही हातांत धरलेलं, ती ते हळूहळू वळवतेय, आणि काका विद्यार्थ्यासारखे तिच्या तोंडाकडे बघतायत. मग ती म्हणाली, “सी यू वेन्सडे, हनी.” निधीच्या भुवया नुकत्याच केलेल्या असूनही त्या कपाळावर जातील तेवढ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा भोंडला. हत्तीभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, शेवटी खिरापत ओळखायची. निधीने कुणालाही सांगितलं नाही. फक्त फेरात डाव्या हाताला असलेल्या बाईला सांगितलं. फेर गोल असतो. बातमी निधीच्या उजव्या हाताकडून परत तिच्यापर्यंत आली तेव्हा लाल टोपीवाली बाई घटस्फोटित होती आणि तिचं फ्लोरिडात घर होतं. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं. आणि त्या फेरात सुवर्णाकाकूही होत्या.

घरी आल्यावर त्यांनी पर्स ठेवली, पाणी प्यायल्या आणि नवऱ्यासमोर बसल्या.

“अहो, बुधवारी कुठे जाता ते बाहेर सगळ्यांना कळलंय.”

जगन्नाथरावांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. झालं, संपलं. आता शनिवारी सुशांत कोपऱ्यावरून हाका मारत येणार. “काय कळलंय?” त्यांनी विचारलं.

“तुमचं कुणा बाईशी आहे म्हणे.”

“एवढंच?” जगन्नाथराव म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास निघून गेला.

नवऱ्याच्या तोंडून या प्रसंगी निघू नये असा एखादा शब्द असेल तर तो हाच. सुवर्णाकाकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. जगन्नाथरावांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्यांना ते समजतही होतं. पण डोळ्यांपुढे चहाचं टेबल आलं, सुशांतचं तोंड आलं, मंडळातली नवी जोडपी आली, आणि ते म्हणाले, “लोक काय, काहीही बोलतात.”

“म्हणजे लायब्ररीतच जाता.”

“लायब्ररीतच.”

त्यानंतर सुवर्णाकाकूंनी भांडण केलं नाही. चहात आलं घालणं मात्र बंद झालं. जगन्नाथरावांनी मीठ कमी आहे म्हटलं तर मीठ पुढे यायचं, बोलणं नाही.

बाहेर मात्र न्याराच प्रकार. शनिवारी संजयने स्वतःहून वडे मागवले आणि काकांच्या पुढ्यात बशी सरकवली. सुशांतने पॉलिमरचा विषयच काढला नाही. दोघांच्या नजरेत एक वेगळाच आदर होता. वेटर लांब गेल्यावर संजय हळूच म्हणाला, “काका, टेक केअर हां. या वयात.” जगन्नाथराव नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, फक्त मिशीवरून बोट फिरवलं. लफडं परवडलं, प्लॅस्टिक नको, असा त्यांचा साधा हिशोब होता. पोलादी माणसाचं पाऊल घसरू शकतं, पण त्याच्या हातात डब्याचं झाकण सापडणं म्हणजे सगळंच गेलं.

अष्टमीला सकाळी सुवर्णाकाकू भाजी निवडत म्हणाल्या, “दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मी ईशानकडे जाते. सिएटलला.”

“किती दिवस?”

“बघू.”

“परतीचं तिकीट कधीचं?”

“बघू म्हटलं ना.”

सुवर्णाकाकू जन्मात कधी परतीचं तिकीट न काढता कुठे गेल्या नव्हत्या. माहेरीसुद्धा. जगन्नाथराव त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. आता सांगावंच. त्यांनी घसा खाकरला. “मी काय म्हणतो, ते बुधवारचं.”

“हं.”

“म्हणजे तसं काही नाही. ते जे आहे ना, ते पोलादाचं नाही.”

“काय पोलादाचं नाही?”

जगन्नाथराव शब्द शोधत राहिले. शब्द एकच होता आणि तो तोंडातून बाहेर पडेना. “काही नाही,” ते म्हणाले, “भाजीत गवार जून निघालीय.”

सुवर्णाकाकूंनी जून गवार निवडून बाजूला टाकली. त्या दिवशी दुपारी बॅग माळ्यावरून खाली आली आणि बेडरूममध्ये उघडून ठेवली गेली. जगन्नाथराव येता-जाता तिच्याकडे बघत होते. आधी दोन साड्या, मग गोळ्यांचा डबा, मग थंडीचा कोट. ऑक्टोबरात थंडीचा कोट, म्हणजे मुक्काम लांबचा.

खंडेनवमीला दर वर्षीप्रमाणे सुशांत, संजय आणि निधी पूजेला आले. निधी जरा जास्तच नटून आली होती, न जाणो काही बघायला मिळालं तर. सुवर्णाकाकूंनी कराडकडच्या पद्धतीने गोड, कुरकुरीत कडाकण्या केल्या होत्या. पाटावर लाल कापड, त्यावर विळी, सुऱ्या, संजयचा ऑफिसचा लॅपटॉप, सुशांतचा ड्रिल, गाडीच्या किल्ल्या, आणि मधोमध पोलादी पिस्तूल, रिकामं, तेल लावलेलं. यंदा पंचामृत नाही, फक्त कोरडी फुलं. शिकलेला माणूस एकदाच चुकतो.

“काका, झिपलॉक आणलीय मी,” सुशांत म्हणाला. सगळे हसले. जगन्नाथराव हसले नाहीत.

त्यांनी अक्षता हातात घेतल्या आणि थांबले. समोरचं पिस्तूल सुंदर दिसत होतं. उजेडात निळं, तेलात चमकणारं. वर्षभरात त्यातून किती गोळ्या सुटल्या होत्या, ते त्यांना ठाऊक होतं. कराडच्या दुकानात वडील पूजेआधी पेट्या उलट्या करून बघायचे. पेटीत राहिलेला पाना वर्षभर रुसतो, असं म्हणायचे. मोडका असला तरी पाटावर यायचा. जो हातात असतो तो लपवायचा नाही.

सुवर्णाकाकू कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, “झालं सगळं मांडून? कुणाचं काही राहिलंय?” त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

“माझं राहिलंय,” जगन्नाथराव म्हणाले.

ते गॅरेजमध्ये गेले. आतून दह्याचे डबे एकामागून एक जमिनीवर पडल्याचा आवाज आला, बराच वेळ. सुवर्णाकाकूंच्या चेहऱ्याचा रंग बदलला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. जगन्नाथराव करडी पेटी घेऊन आले. कुलूप उघडलं. आतलं पिस्तूल काढून रिकामं असल्याचं सगळ्यांना दाखवलं, आणि पोलादी पिस्तुलाच्या शेजारी ठेवलं.

सुशांत वाकून बघायला लागला. “काका, हे कुणाचं?”

“माझं.”

“पण हे तर...”

“पॉलिमर आहे,” जगन्नाथराव म्हणाले.

एवढ्या वर्षांत त्यांनी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. सुशांतला हसायचंसुद्धा सुचलं नाही.

सुवर्णाकाकूंना सुचलं. पण हसायचं नाही. “आणि ती लाल टोपी?” त्यांनी विचारलं.

“डेनिस. कमिंगला शिकवते. मनगट कसं धरायचं ते दाखवत होती.”

“आणि हनी?”

“ती पोस्टमनलाही हनी म्हणते.”

“आणि हे मला सांगायला तुमची जीभ लुळी पडली? लोक बाई म्हणत होते ते चाललं?”

“बाई नव्हतीच, मग लाज कसली. हे होतं.”

“मी बॅग भरली तरी?”

जगन्नाथराव अक्षतांकडे बघत म्हणाले, “काल सांगायला आलो होतो. गवारीवर गेलो.”

निधी पाटावरच्या विळीकडे बघत होती. मग सुवर्णाकाकू तिथेच पाटाशेजारी खाली बसल्या आणि हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर डोळ्यांना लावून. “माझे डबे,” त्या मध्येच म्हणत होत्या, “एवढे डबे फेकलेत या माणसाने माझे.” हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि जरा कडक आवाजात म्हणाल्या, “बाईची मला कधीच काळजी नव्हती. तुम्हाला कोण विचारणार आहे? पण लायब्ररी म्हणालात ना माझ्या तोंडावर, ते मी विसरणार नाही.”

“नको विसरू,” जगन्नाथराव म्हणाले.

“नाहीच विसरणार.”

मग त्यांनी करंडा उघडला आणि नव्या पिस्तुलाला कुंकू लावलं, चांगलं ओलं, सढळ हाताने. “पुसलं की जातं ना?” त्यांनी सुशांतला विचारलं.

“खालच्या भागाचं जातं काकू. वरचा पोलादाचा आहे, त्याला सांभाळा.”

“मग खालीच लावते. वरचं पोलाद हे बघतील.”

कडाकण्या खाताना सुशांतला कंठ फुटला. तो काकांना नेमाचे कागद दाखवायला सांगत होता, पिस्तूल कुठल्या कंपनीचं, किती वजन, सगळं विचारत होता. काकांनी सांगितलं. सांगता सांगता म्हणाले, “तरी पण उसळतं रे.” सुशांत म्हणाला, “उसळतंच.” संजय म्हणाला, “दोघांचाही पॉइंट आहे यार,” कारण कडाकण्या दोघांच्याही समोर होत्या. निधी कडाकणी मोडत बसली होती. तिला आता भोंडल्याच्या फेरात जाऊन सगळं उलट फिरवायचं होतं, आणि फेर उलटा फिरत नाही.

बॅगेतून थंडीचा कोट त्या संध्याकाळी बाहेर आला. सुवर्णाकाकू सिएटलला गेल्या, पण नाताळात, आणि परतीचं तिकीट काढून, दोघांचं. दह्याचे डबे स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांशेजारी राहायला आले. शनिवारच्या बैठकीत वाद अजून चालतो, फक्त आता काका दोन्हीकडून बोलतात आणि सुशांतला कुठल्या बाजूने उत्तर द्यावं ते कळत नाही.

अल्फारेटातल्या काही घरांत अजूनही ती जुनी बातमी सांगितली जाते. फ्लोरिडातल्या घरासकट. लोकांना ती जास्त आवडते, त्याला इलाज नाही.

खरं एवढंच आहे. जगन्नाथराव खासनीसांचं कुठल्याही बाईशी काही नव्हतं. मनगट मोडल्यापासून त्यांना जड पिस्तूल पेलवत नव्हतं, आणि बुधवारी दुपारी ते हलकं पिस्तूल चालवायला शिकत होते.